झालं की हाक मार

मंजे, आधी ऐक. सापडलं! जाधव साहेबांच्या मशीनचं दुखणं सापडलं, दुरुस्त झालं, आणि काल सबंध पाळीभर तुझा प्रोग्राम एकदाही न पडता चालला. एकदाही नाही! आणि हे ऐकायला तू नाहीस, हा कुठला न्याय?

तुझं तेरावं होऊन आठवडाही झाला नाही. अशा दिवसांत माणसानं शांत असावं, हळू बोलावं, असं सगळे सांगतात. मीही तसंच ठरवलं होतं. पण ही बातमी पोटात ठेवून शांत कसं राहायचं, तूच सांग. नवऱ्याला सांगितली तर तो म्हणाला, "बरं झालं." गॅसचा सिलिंडर आल्यावरही तो एवढंच म्हणतो. काय झालं, कसं झालं, ते त्या एका ओळीत कसं लपलं होतं, हे विचारणारं माणूस या अख्ख्या शहरात एकच होतं. म्हणून तुलाच सांगतेय. मधेमधे तुला माहीत असलेलंच सांगेन, कारण ते सांगायला मला आवडतं. तू "पुढं बोल, पुढं बोल" म्हणून हात हलवायचीस, तसा हलवू नकोस.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यातला माझा पहिला आठवडा आठवतो का? गंगापूर तालुक्यातल्या खेड्यातून आलेली मी, डिप्लोमा झालेली, व्हिज्युअल बेसिक शिकलेली आणि त्या जोरावर स्वतःला फार शहाणी समजणारी. काम साधं होतं. पार्ट चांगला निघाला की कॉम्प्युटरनं बारीक आवाज करायचा, खराब निघाला की जाडा. आणि माझ्या भाषेत आवाज होता एकच. मी सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. मग शेजारच्या टेबलावरून तू खुर्ची सरकवत आलीस. औरंगपुऱ्यातली भिक्षुकाच्या घरातली पोर, केस कापलेले, तोंडात बडीशेप, आणि बोलणं निम्मं हिंदी.

"तुझ्या भाषेकडं नाही ना? मग खाली माग. विंडोज खाली बसलेलंच आहे, उससे सीधा बात कर."

माझ्या कीबोर्डवर वाकून तू एक ओळ लिहिलीस. कुणाला हाक मारायची त्याचं नाव, ते कुठल्या फाइलीत राहतं तो पत्ता, आणि त्याला आपण काय देणार: दोन आकडे, एक सुराचा, एक लांबीचा. बस. मी बटण दाबलं आणि डबा बारीक आवाजात बोलला. आकडा बदलला, जाड्या आवाजात बोलला. मंजे, मी तोवर समजत होते की भाषेत जेवढं दिलंय तेवढंच जग आहे. खाली एवढं मोठं बिऱ्हाड आहे, त्यात हजारो कामं करणारे बसलेत आणि नाव-पत्ता बरोबर असेल तर ते माझ्यासारखीचंही ऐकतात, हे मला त्या दिवशी कळलं. तू तर त्याच दुपारी त्या दोन आकड्यांवर आरतीची चाल बसवलीस. सुपरवायझर धावत आला, "कुणाचा मोबाइल वाजून राहिला?" म्हणून. आपण दोघी पार्ट मोजत असल्यासारख्या खाली बघत होतो.

त्या दिवसासाठी तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती. आज मानते. तू खुर्ची सरकवली नसतीस तर मी आयुष्यभर बटणांना रंग देत बसले असते.

पुढं आपण गारखेड्यात शेषरावांच्या पिठाच्या गिरणीवर ऑफिस घेतलं. आल्या-गेल्याला वाटायचं, या दोघींना जागा मिळाली नाही का दुसरी? गिरणी सुरू झाली की टेबलावरचे कप सरकायचे, फोनवर बोलणं अशक्य. मग शेषरावांशी ठरलं, गिऱ्हाइकाचा फोन आला की आपण फरशीवर दोनदा पाय आपटायचे, ते मोटर बंद करणार. तू त्याला आपला सगळ्यात जुना सिस्टिम कॉल म्हणायचीस, म्हणजे प्रोग्रामनं खाली विंडोजला मारलेली हाक. नवीन शिकायला येणाऱ्या मुलींनाही तू तेच उदाहरण द्यायचीस. वरच्या मजल्यावर तुम्ही काय वाटेल ते बोला, नटून बोला, चुका करा, कुणीतरी सांभाळून घेईल. खालच्याला मात्र ठरल्यासारखंच सांगायचं. दोनदा म्हणजे दोनदा. तिसऱ्यांदा पाय आपटलात तर ते काय करतील, याची जबाबदारी त्यांची नाही.

आणि उलटी हाकसुद्धा तू गिरणीवरूनच समजावलीस. मी सकाळी येताना दळणाचा डबा खाली ठेवायची आणि म्हणायची, "शेषराव, झालं की हाक मारा." म्हणजे मी तिथं ताटकळत उभी राहणार नाही. मी माझं काम करणार, ते त्यांचं करणार, आणि पीठ तयार झालं की ते जिन्याखालून ओरडणार, "सुरेखाताई, झालं वो!" प्रोग्राममध्येही अगदी असंच. खालच्याला आपलं एक फंक्शन देऊन ठेवायचं, की बाबा, तुझं काम झालं की याला हाक मार. कॉलबॅक म्हणतात त्याला, पण तू कायम "हाकेचं फंक्शन"च म्हणालीस, आणि मलाही तीच सवय लागली.

आता ये जाधव साहेबांच्या मशीनवर.

वाळूजच्या त्यांच्या शेडमधलं ते गळती तपासायचं मशीन. पार्टमध्ये हवा भरायची, दाब उतरतो का बघायचा. मशीनमधलं कार्ड जुनं, ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, आणि त्या कार्डाशी बोलायचं तर त्यांनी मागं ठेवलेली एकच डीएलएल फाइल. आपण काम वाटून घेतलं. कार्डाशी बोलायचा भाग तुझा, तू जन्माची सी भाषेवाली. स्क्रीन, आलेख, जुन्या तपासण्यांच्या नोंदी हे सगळं माझं, सी शार्पमध्ये. तू कार्डाला हाकेचं फंक्शन दिलंस, दाब मोजून झाला की कार्ड हाक मारायचं, माझ्या स्क्रीनवर रेघ उमटायची. पहिल्यांदा ती रेघ उमटली तेव्हा तू टाळी दिलीस ती अजून हाताला जाणवते.

आणि मग ते पडायला लागलं. कधी सकाळी, कधी दुपारी. काही संदेश नाही, काही कुरकुर नाही, खिडकी गायब. आपल्या ऑफिसात, आपल्या डोळ्यांसमोर मात्र गुणी बाळासारखं चालायचं.

"तुझं डीएलएल म्हातारं झालंय," मी म्हणाले. "त्याला पेन्शन दे."

"डीएलएल शहाणं आहे," तू म्हणालीस. "तुझं सी शार्प लाडावलंय. सगळं आयतं पाहिजे त्याला."

हे भांडण आपण ऑफिसात केलं, स्कूटीवर नगर नाक्याच्या सिग्नलला केलं, शिफ्टच्या बसमधली माणसं खिडकीतून बघत असताना केलं. हॉस्पिटलातसुद्धा केलं. तुझ्या नाकाला नळी होती आणि तू बोटानं हवेत चौकोन काढून दाखवत होतीस, हे तुझं घर, हे माझं घर, चूक तुझ्या घरात आहे. नर्स मला म्हणाली, "ताई, पेशंटला दमवू नका." तू तिला म्हणालीस, "ही गेली तर मी जास्त दमेन." मी निघताना तू म्हणालीस, "मी आले की दाखवते तुला." आली नाहीस. तुझ्या दुखण्यानं फार मुदतच दिली नाही. मला त्याचा फार राग येतो, मंजू. रडण्यापेक्षा रागच जास्त येतो.

तेराव्याला जाधव साहेब आले होते. तुझ्या फोटोला हात जोडले, तुझ्या आईशी, काकूंशी, दोन शब्द बोलले आणि जाताना चपला घालता घालता मला म्हणाले, "म्याडम, टाइम नाय हे बोलायचा, पण पोरं लई वैतागली वो. सोमवारपर्यंत बघा. नायतर हे सगळं काढून टाकतो, नवं मशीन बोलावतो."

त्यांचं काही चुकलं नाही. पण काढून टाकायचं म्हणजे काय टाकायचं? तू शेवटचं लिहिलेलं. तुझ्या हाताचं जगात चालू असलेलं ते शेवटचं काम, वाळूजच्या शेडमध्ये, धुळीत बसलेलं, दिवसातून शेकडो वेळा कार्डाशी बोलणारं. ते भंगारात जाणार आणि तेही "पडतं" असा ठपका घेऊन. तुझ्यावर ठपका! मी म्हटलं, बघतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं. तुझी खुर्ची भिंतीला लावली, मग परत जागेवर ठेवली. तुझी फाइल उघडली. किती सुंदर लिहायचीस गं! एक शब्द जास्त नाही. मी ओळीमागून ओळ तपासली. नावं बरोबर, पत्ते बरोबर, आकडे बरोबर. तुझ्या घरात खरंच चूक नव्हती. मग माझं घर तपासलं. तिथंही काही नाही. दुपारपर्यंत मी एवढी वैतागले की तुझ्या फोटोशीच भांडायला लागले. हो, मी मोबाइलवर तुझा फोटो लावून समोर ठेवला होता. हार घातलेला नाही, हुरड्याच्या पार्टीतला, आमच्या शेतातला, कणीस तोंडात कोंबलेला.

मग एक गोष्ट आठवली. शेडमधली पोरं म्हणायची, "म्याडम, जुने आलेख उघडले की जास्त पडतं." आपण ते हसण्यावारी नेलं होतं, कारण आलेखाचा आणि कार्डाचा काय संबंध? पण आलेख उघडले की माझा भाग भरमसाट जागा खातो. जागा कमी पडली की सी शार्प आवराआवर काढतं. ज्या वस्तूचं नाव कुणीच धरून ठेवलेलं नाही, ती उचलून टाकतं.

कार्डाला हाकेचं फंक्शन देणारी तुझी ओळ मी परत बघितली. जोडणीपुरती ती तू माझ्या सी शार्पमध्ये लिहिली होतीस. तू हाकेचं फंक्शन कार्डाच्या हातात थेट दिलं होतंस. त्याला आपल्या बाजूला कुठं नाव देऊन ठेवलं नव्हतंस. का ठेवशील? तुझ्या सीमध्ये एकदा लिहिलेलं फंक्शन प्रोग्राम संपेपर्यंत जिथल्या तिथं असतं, त्याला कोण हलवणार! आणि मी? मी वर्षानुवर्षं आवराआवरीचा विचारच केला नाही, ती आपोआप होते म्हणून. कार्डाच्या हातात आपला पत्ता आहे, हे त्या आवरणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं, हे कुणाचंच नाही. टाकलं उचलून. आणि कार्ड बिचारं इमानदारीत काम करून हाक मारत होतं, जिथं आता कुणी राहत नव्हतं तिथं. शेषरावांनी रिकाम्या खोलीला हाक मारली तर काही बिघडत नाही. खालच्या मजल्यावर बिघडतं. तिथं हाक म्हणजे डोळे मिटून आत पाऊल टाकणं.

खरं आहे का हे? बघायचं कसं? मी स्क्रीनवर एक बटण टाकलं, दाबलं की आवराआवर ताबडतोब. आणि प्रोग्राममधल्या चुका शोधताना आपण वापरतो ती सैल पद्धत, डीबग, बंद केली, कारण आपण बघत असताना सी शार्प वस्तू जास्त वेळ सांभाळतं. म्हणून तर आपल्यासमोर गुणी बाळ! आपल्याकडचं जादा कार्ड जोडलं, चालू केलं. रेघ उमटली. बटण दाबलं. रेघ थांबली. खिडकी गायब.

परत चालू केलं. बटण. गायब. परत. गायब!

मंजे, इतके महिने जे लपाछपी खेळत होतं ते माझ्या बोटावर पडत होतं. प्रोग्राम पडताना बघून माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे तुझ्याशिवाय कुणाला पटेल? मी उठून अक्षरशः नाचले. आणि नाचताना पाय आपटले फरशीवर. खाली गिरणी एकदम बंद.

"काय झालं ताई? फोन आला का?" शेषराव जिन्यावरून ओरडले.

"पडलं, शेषराव! पडलं!"

"आँ? कोण पडलं? लागलं का?" ते पिठानं पांढरे झालेले तसेच धावत वर. मागं दळणाला आलेल्या दोन बायका. सगळ्यांनी मला बघितलं, गाल ओले, तोंडभर हसू. शेषराव माझ्या मोबाइलवरच्या तुझ्या फोटोकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "ताई, पाणी प्या जरा." त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं.

दुरुस्ती केवढी, सांगू? एक ओळ. हाकेच्या फंक्शनला आपल्या बाजूला एक नाव द्यायचं आणि प्रोग्राम चालू आहे तोवर ते धरून ठेवायचं. एवढंच. मग बटण दाबलं, दाबलं, दाबतच राहिले. रेघ थांबेना. जुने आलेख ढिगानं उघडले. रेघ थांबेना. खाली शेषरावांनी गिरणी पुन्हा सुरू केली आणि कप सरकायला लागले, आणि रेघ चालूच.

आता आपल्या भांडणाचा निकाल. तू म्हणायचीस चूक माझ्या घरात, मी म्हणायची तुझ्या. दोन्ही घरं धडधाकट होती. आपण दोघी इतकी वर्षं वर-खाली राहिलो, पण तुझ्या घरात काही टाकून देत नाहीत आणि माझ्या घरात न विचारता टाकतात, हे आपण एकमेकींना कधी सांगितलंच नव्हतं. जिना मधला, तो कुणाचाच नव्हता. तरी निकाल मी माझ्या बाजूनं लावणार आहे. तू अपील करायला येत नाहीस, हा तुझा दोष. डीएलएल शहाणं होतं एवढं मात्र कबूल करते. जोरात कबूल करते. ऐकू आलं का?

सोमवारची वाट कोण बघतो! काल सकाळच्या पाळीलाच वाळूजला जाऊन थडकले. नवा प्रोग्राम टाकला. पोरांना म्हटलं, हवे तेवढे आलेख उघडा. त्यांनी मुद्दाम उघडले, मजा बघायला. जेवणाची सुट्टी झाली, मशीन चालू. चहा आला, चालू. पाळी सुटायचा भोंगा झाला तेव्हा जाधव साहेब स्वतः मशीनपाशी येऊन उभे राहिले, चष्मा वर केला, रेघ बघितली.

"चाललं की वो, म्याडम."

"व्हय," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर मी जपून शहरी बोलते, काल गावाकडचं तोंडातून निसटलं.

"ऱ्हाऊ द्या मग. नवं बोलवत नाय मी. मंजूताईंचं काम हाय, चालतंय तोवर चालू द्या."

बाहेर आले. पाळी सुटलेली, शेकडो मोटरसायकली, धूळ, हॉर्न. मी स्कूटीवर बसले आणि काही विचार न करता मोबाइल काढला, तुझं नाव दाबलं. सवयीनं. इतकी वर्षं काहीही चांगलं झालं की बोट तिथंच जातं. रिंग वाजायला लागली तेव्हा लक्षात आलं मी काय केलं ते. बंद करणार तेवढ्यात फोन उचलला गेला.

"बोल गं, सुरेखा."

काकू.

त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. नळाला पाणी यायच्या दिवशी तू फोन स्वयंपाकघरात टाकून गच्चीवर टाक्या भरत असायचीस, आणि काकू फोन उचलायच्या, तसा. आपल्याकडं पाणी काय रोज येतं? आलं की तुला जगाची शुद्ध नसायची. मी काकूंना निरोप द्यायची आणि त्या तो हमखास विसरायच्या.

"काकू, हा फोन..."

"चार्ज करून ठेवते रोज. कुणाचा आला तर? लोकांना माहीत नसतं गं. नुसता वाजत राहिला तर त्यांना काय वाटेल?"

मी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मोटरसायकली जात राहिल्या.

"काय झालं? इतकी दमलीस का? काही चांगलं आहे का?"

आणि मग मी सगळं सांगितलं, मंजे. भर रस्त्यात, हेल्मेट मांडीवर ठेवून, ओरडून ओरडून. कार्ड, हाक, आवराआवर, शेषरावांचं पीठ, जाधव साहेब, सगळं. काकूंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मधेमधे "हो का", "अगंबाई" म्हणत राहिल्या. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे तिनं केलेलं चाललं ना?"

"चाललं, काकू. एकदाही पडलं नाही."

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. आवाज हसरा झाला होता. "सांगते हं तिला."

त्यांनी ते वाक्य दुरुस्त केलं नाही. मीही केलं नाही.